देवरावभाऊचं ढिलं पातं

देवराव मारबते परवा गेले. धंतोलीच्या दवाखान्यात त्यायचा पाय कापला अन् नवव्या दिवशी माणूसच गेला. पेपरात काही आलं नाई. येणार कायले? तीन वर्षांआधी आलं होतं, तवाच लोकायनं वाचायचं ते वाचून घेतलं. 'कारागिराच्या हलगर्जीपणामुळे तरुणीचा बुडून मृत्यू.' त्या दिवसापासून हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत त्यायले देवराव म्हणणारं कोणी उरलं नाई. 'तो पोरगी बुडवणारा', बस, हेच नाव.

माह्यं नाव पंचफुला. तलावावरच्या क्लबात माह्यी कॅन्टीन होती, तर्री-पोहा अन् चहा. एकोणीस वर्षं मी अन् देवरावभाऊ एकाच काठावर राबलो. त्या माणसाले माह्याइतकं कोणी ओळखत नव्हतं, अन् त्याच्याशी माह्याइतकं कोणी भांडतबी नव्हतं. म्हणून मी सांगते. उचलली जीभ लावली टाळ्याले, असं माह्यं नाई. जे डोळ्यानं पाह्यलं तेच सांगीन. अन् जे केलं तेबी सांगीन.

मूळचे ते भंडाऱ्याकडचे, ढिवराच्या घरचे. तिकडे गावागणिक तलाव. बाप डोंगे करे, म्हणजे मासे धरायच्या लाकडी होड्या. हे लहानपणापासून बापाच्या हाताखाली शिकले. नागपुरात आले ते सेंट्रिंगच्या कामाले. हुडकेश्वरच्या बाजूले बेशात तवा नवे फ्लॅट उभे होऊन राहिले होते, तिथं फळ्या ठोकत. एक दिवस क्लबच्या सेक्रेटरीसाहेबाले सुतार पाहिजे होता, कोणीतरी यायले पाठवलं. देवरावभाऊनं होडीच्या पोटावरून नुसता हात फिरवला अन् म्हणाले, "सायेब, हे मोडली नाई, तहानली हाय." साहेब लय हसले. पण ठेवून घेतलं.

तहानली म्हणजे काय ते सांगते. आमचा उन्हाळा माहीत हाय ना? शेहेचाळीस डिग्रीत माणसाचं टाळकं तडकते, तिथं लाकडाचं काय घेऊन बसले! मे महिन्यात दारं ढिली होतात, खाट करकरते, अन् होडीच्या दोन फळ्यायच्या मधून पलीकडचा उजेड दिसते. दुसरा कोणी असता तर लांबी भरली असती, खिळे ठोकले असते. देवरावभाऊ काहीच ठोकत नव्हते. होडी उथळ पाण्यात नेत, तिच्यात दगड भरत, अन् तीन दिवस तशीच पाण्याखाली बसवून ठेवत. लाकूड पाणी पिऊन फुगे अन् फटी आपल्याआप मिटत. याले ते 'पाणी पाजणं' म्हणत. बापाची रीत. पहिल्या दिवशी होडीच्या नाकाले हळद-कुंकू लावत, खोबऱ्याचा तुकडा पाण्यात सोडत. कोणी चुकून 'होडी बुडवून ठेवली' म्हणलं की भडकत, "बुडवली म्हणू नोको गा! पाजून राहिलो तिले!"

मी म्हणे, "भाऊ, मले तर कोणी इतक्या मायेनं कधी पाणी विचारलं नाई."

"तुले कायची तहान वं," ते म्हणत, "तुह्या तोंडाले तर बाराही महिने नळ हाय."

असं आमचं चाले. बायको रंभाबाई लवकर गेली. पोरगा रोशन पुण्याले, दिवाळीले फोन करे. मंग काय, क्लबच्या बारा होड्या हेच लेकरं. साऱ्या लाकडाच्या, साऱ्या तपकिरी. कोणती होडी कुठं चिरली होती, कोणत्या वर्षी कोणती फळी बदलली, सगळं तोंडपाठ. स्वतःच्या शुगरची गोळी घ्यायचं मात्र रोज विसरत. चहात चार चमचे साखर, अन् मी बोलली की म्हणत, "एक दिवस तर मरणंच हाय, गोड तोंडानं मरू दे." माणूस चांगला, पण हट्टी एक नंबरचा.

आता पातं म्हणजे काय ते ऐका, नाईतर पुढचं समजणार नाई. शिडाच्या होडीच्या मधोमध पोटात एक अरुंद पेटी असते, खालून उघडी. तिच्यातून एक लांब फळी खाली पाण्यात सोडतात. साहेब लोक तिले सेंटरबोर्ड म्हणत, देवरावभाऊ पातं म्हणत. एका बोल्टवर ते वर-खाली फिरते. ते पाण्यात असलं म्हणजे वाऱ्यानं होडी आडवी घसरत नाई. हे एक काम. दुसरं काम त्याहून मोठं. होडी उलटली तर तेच पातं तिच्या पोटातून वर आलेलं राहते. माणूस त्याले धरते, त्याच्यावर वजन टाकते, अन् होडी सुलटी होते. पण त्यासाठी ते पेटीत घट्ट बसलेलं पाहिजे. ढिलं असलं तर होडी उलटताच सरकन आत पडते. मंग धरायले काही राहत नाई.

हे मले देवरावभाऊनंच समजावलं होतं, माह्यी पिंकी पहिल्यांदा होडीत बसली तवा. मी काठावर जीव मुठीत धरून उभी. ते म्हणाले, "कायले घाबरतं? पातं घट्ट तर पोरगी सलामत." ते वाक्य मी देवाच्या नावासारखं धरून ठेवलं होतं.

पिंकी कॅन्टीनवाल्या बाईची पोरगी. तिले होडीत कोण घेते? मिनलनं घेतलं. मिनल बेशातल्या चंपतराव मास्तरांची एकुलती एक. सुकाणू ती धरे, अन् पुढं शिडाच्या दोऱ्या ओढायले तिले हलकी, चपळ पोरगी पाहिजे होती. चार वर्षं दोघी एकाच होडीत. माह्या इथं एकाच प्लेटीत पोहा खात अन् शेवटच्या घासासाठी भांडत. मिनल मले काकू नाई म्हणायची, आईच म्हणे. "आई, तर्री जास्त टाक वं." बेशाची पोरगी, पण आमच्यासारखी बोले, पिंकीच्या संगतीनं.

आता देवरावभाऊच्या हाताची गोष्ट. मिनल जायच्या चार वर्षं आधीची. चहाचं भगोनं उकळून खाली उतरवायचं होतं अन् मले सांडशी सापडत नव्हती. देवरावभाऊनं ते दोन्ही हातांनी उचललं, आरामात चालत कट्ट्यावर नेऊन ठेवलं. मले करपल्याचा वास आला.

"अगं माय! भाऊ, हात!"

त्यायनं तळहात वर केले. फोड उठून राहिले होते. अन् माणूस असा पाहून राहिला होता जसे ते हात दुसऱ्याचेच हायेत.

शुगरनं बोटातला जीव गेला होता. डॉक्टरनं आधीच सांगतलं होतं, यायनं कोणाले सांगतलं नव्हतं. मी तवाच सेक्रेटरीसाहेबाकडे निघाली होती. देवरावभाऊ आडवे आले. डोळ्यात पाणी. "नोको सांगू वं पंचफुला. हा हात फिरते म्हणून मी कारागीर हाय. उद्या समजलं तर मले काठावरबी उभं नाई करणार. कुठं जाऊ मी?"

"अन् काम कसं करान?"

"तुह्ये हात दे."

अन् मी दिले. भैताड बाई मी. पण तवा वाटलं, बिचाऱ्या म्हाताऱ्याचं आपल्या हातानं भलं होऊन राहिलं, होऊ दे. त्यायनं रंधा मारला की मले बोलवत. "पंचफुला, पाह्य, खरबड हाय का गुळगुळीत?" मी भज्याचा हात पदराले पुसून फिरवे अन् सांगे, "डावीकडे खरबड हाय." बोल्ट कसला की म्हणत, "हलवून पाह्य, डुगडुगते का?" मी हलवून सांगे. चार वर्षं असं चाललं. कोणाले पत्ता नाई, पिंकीलेबी नाई. खोटं काहून बोलू, मले मजा वाटे. शाळेचं तोंड न पाह्यलेली बाई मी, अन् माह्या बोटांवर साहेब लोकायच्या होड्या चालून राहिल्या! मले लाकूड समजायले लागलं होतं. रंग कितीबी जाड मारा, खालच्या रेघा बोटाले लागतातच.

मिनल गेली त्या वर्षी मार्चमध्ये देवरावभाऊ पायाच्या जखमेनं पंधरा दिवस दवाखान्यात पडले. पोरी परीक्षेत होत्या, तलावावर कोणी फिरकत नव्हतं. तेवढ्यात मिनलच्या होडीचं पातं तडकलेलं दिसलं. सेक्रेटरीसाहेबानं बाहेरून तयार फायबरचं पातं मागवलं, एका मेकॅनिकाकडून बसवून घेतलं, अन् बाकी होड्यायसारखं दिसावं म्हणून त्याले तपकिरी रंग मारून घेतला. देवरावभाऊ वापस आले तर त्यायले कोणी काही सांगतलं नाई. सांगायचं साहेबाच्या ध्यानातच आलं नाई. मले हे सगळं नंतर समजलं.

मेच्या शेवटी राज्याच्या संघाची निवड होती, आमच्याच तलावावर. पाच दिवस आधी मिनल देवरावभाऊकडे आली. "काका, आमचं पातं खडखड वाजून राहिलं. वर ओढलं की आपल्याआप खाली येते. लय ढिलं झालं."

देवरावभाऊनं पातं हलवलं. खडखड तर त्यायलेबी ऐकू आली. बोल्ट अर्धा फेरा कसला. "उन्हानं सुकलं हाय," ते म्हणाले, "दरसाल सुकते."

"सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लावून द्या ना दोन्ही बाजूनं. बाहेरच्या क्लबात तसंच करतात म्हणे."

"नोको बेटा. आता सुकल्यावर पट्ट्या लावल्या तर पाण्यात लाकूड फुगन अन् पातं अर्ध्यात अडकन. एका उन्हाळ्यात कोणीतरी तसं केलं होतं, फसलं अन् मोडलं. उन्हाळ्यातलं ढिलेपण खरं नसते. तीन दिवस पाणी पाजतो. फुगून असं बसन की तूच म्हणशीन, काका, जरा ढिलं करा."

मिनल हसली. तिचा काकावर भरोसा होता. साऱ्यायचाच होता. अन् बरोबरच बोलले होते ते, पातं लाकडाचं असतं तर. होडीच्या नाकाले हळद-कुंकू लागलं, खोबरं सुटलं, दगड भरले, अन् होडी तीन दिवस पाण्यात बसली. फायबरचं पातं तिच्या पोटात. त्यानं पाण्याचा थेंब पिला नाई.

आता तो दिवस. सांगायचा नाई म्हणून तीन वर्षं गिळून बसली.

निवडीचा आदला दिवस होता. क्लबच्या एका मेंबरच्या घरचा वाढदिवस, माह्याकडे साठ प्लेटी तर्री-पोहा अन् भजे. सकाळपासून लोक डोक्यावर मिऱ्या वाटून राहिले होते. चहा कुठं, चमचे कुठं, तर्री तिखट काहून. देवरावभाऊनं होडी पाण्यातून काढून मागच्या बाजूनं काठावर घेतली होती. तिथून हाक आली, "पंचफुला, ये वं जरा."

"येते!" मी म्हणलं, अन् गेली नाई.

थोड्या वेळानं परत हाक. मी ऐकलं न ऐकलं केलं. तिसऱ्यांदा ते स्वतःच आले. पायाले पट्टी, लंगडत, घामानं भिजलेले. माह्या कट्ट्याजवळच्या स्टुलावर बसले अन् हळूच म्हणाले, "एकदा हलवून पाहून ये. मी बसतो इथं, पाय ठणकते. उद्या पोरी जातात पाण्यात."

"दिसत नाई का तुम्हाले किती गर्दी हाय? आताच मुहूर्त हाय का?"

"हात लावून ये फक्त. एक मिनिटाचं काम."

मी झारा आपटला अन् मागच्या दारानं बाहेर पडली. होडी वीस पावलांवर. ऊन असं की जमिनीवर पाय ठेववत नव्हता, अन् मी घाईत चप्पल आतच ठेवून आली होती. कढईतलं तेल धुरावून राहिलं होतं, वास येत होता. मी तिथंच उभी राहिली. खरकट्या पाण्याची बादली दाराशी होती, ती रिकामी केली. अन् आत आली.

"घट्ट हाय," मी म्हणलं.

"पाह्यलं ना नीट?"

"पाह्यलं म्हणलं ना! एकच गोष्ट किती वेळा विचारता? आता जाऊ द्या मले, भजे करपून राहिले."

त्यायचा चेहरा असा मोकळा झाला. "म्हणलं होतं ना, पाणी प्यायलं की शहाणं होते." मी त्यायले चहा दिला, अन् चिडलेली होती म्हणून साखर पाच चमचे टाकली. त्यायले समजलंबी नाई.

एक हात लावला असता. हलवलंबी नसतं, नुसता हात लावला असता, तरी मले समजलं असतं की हे लाकूड नाई. चार वर्षं मी लाकूडच तर हाताळून राहिली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला शर्यत सुरू झाली. चंपतराव मास्तर टोपी घालून काठावर, हातात पाण्याची बाटली. मी पोह्याले फोडणी देऊन बाहेर आली. चांगलं चाललं होतं. मिनलची होडी दुसरी होती. अन् एकदम पश्चिमेकडून धूळ उठली. आमच्याकडे मेमध्ये असं वादळ कधीबी येते, पाऊस नाई, पाणी नाई, नुसता वारा. दोन होड्या उलटल्या. एक पलीकडच्या टोकाले, एक इकडे. इकडची मिनलची.

मी घाबरली नाई. खरं सांगते. पातं घट्ट तर पोरगी सलामत. अन् मंग मले आठवलं.

होडी पूर्ण उलटी झाली, शीड खाली, पोट वर. पिंकीचं तरंगायचं लाल जॅकेट दिसलं. ती पोटावर चढली. तिले शिकवलं होतं ना, पातं धर अन् मागं लटक. ती हात फिरवून राहिली होती. पुढं, मागं, पुढं, मागं. धरायले काहीच नव्हतं. पातं पेटीत पडलं होतं, पूर्ण. ती फटीत बोटं घालून त्याले वर ओढून राहिली होती अन् ओरडत होती, "मिनल! मिनल!" मिनल खाली होती. शिडाची दोरी पायात अडकली होती, अन् अंगातलं जॅकेट तिले होडीच्याच पोटाखाली दाबून राहिलं होतं. होडी सुलटी झाली असती तर संगं तीबी वर आली असती. अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

वाचवणारी मोटरबोट पलीकडच्या टोकाले गेली होती. देवरावभाऊ पट्टीच्या पायानं पाण्यात शिरले. एकसष्ट वर्षांचा माणूस, पण ढिवराचं पोरगं. पोहत गेले, खाली बुडी मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मिनलले घेऊन वर आले. चंपतराव मास्तर गुडघाभर पाण्यात उभे होते, बाटली हातातच.

ती गेली होती.

चौकशी क्लबच्या हॉलमध्ये झाली. पोलीस होते, सेक्रेटरीसाहेब होते, मास्तर होते. मी पाण्याचे ग्लास घेऊन दाराशी उभी. तिथंच निघालं की ते पातं फायबरचं होतं. देवरावभाऊ एवढंच म्हणाले, "मंग ते पाणी काहून पिईन?"

साहेब म्हणाले, "रंगाखाली काय आहे ते हाताला कळत नाही? कारागीर ना तुम्ही?"

मेंबरांपैकी एक डॉक्टर होते. त्यायनं देवरावभाऊचा हात धरला, बोटाले टाचणी टोचली. देवरावभाऊ समोर पाहून राहिले. दुसऱ्या बोटाले टोचली. रक्त आलं, हात हलला नाई.

"किती वर्षांपासून?"

"चार."

"म्हणजे चार वर्षं तुम्ही आम्हाला फसवलं? पातं कोणी तपासलं होतं?"

"मी."

"या हातानं?"

"हाव."

"कोणाला माहीत होतं हे?"

माह्या ट्रेमधले ग्लास एकमेकांवर वाजले. साऱ्यायनं माह्याकडे पाह्यलं. देवरावभाऊनं नाई पाह्यलं.

"कोणालेच नाई," ते म्हणाले. "मी कोणाले सांगतलंच नाई."

चंपतराव मास्तर उठले. वाटलं आता मारतात. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "देवराव, तुमच्या भरवशावर मी तिला पाण्यात सोडत होतो." बस, एवढंच. अन् निघून गेले. देवरावभाऊ तिथंच खाली बसले. मी, मी पाण्याचा ग्लास त्यायच्या समोर ठेवला. चोरासारखी कॅन्टीनमध्ये येऊन बसली.

काम गेलं. केस चालली, मंग थंड पडली. देवरावभाऊ गल्लीच्या टोकाच्या खोलीत पडून राहत. पायाची जखम पुन्हा चिघळली. मी रोज डबा नेऊन देत होती. लोक म्हणत, पंचफुलाचं काळीज मोठं हाय. ऐकलं की मी डबा पदराखाली झाके.

एकदाच मी तोंड उघडलं. म्हणलं, "भाऊ, मी त्या दिवशी—"

"माहीत हाय," ते म्हणाले. "भज्याचा हात होता तुहा, नुसता तेलकट. होडीले हात लावून आली असती तर ओला झाला असता. कप देताना दिसलं मले."

"मंग तवाच काहून नाई बोलले? शर्यतीच्या आधी?"

ते भिंतीकडे वळून म्हणाले, "मले वाटलं, तीन दिवस पाजलं हाय. बसलंच असन. कायले तुले परत त्या उन्हात पाठवू." मंग म्हणाले, "कोणाले सांगू नोको. तुह्या घरी पोरगी हाय. तिची मैत्रीण गेली, आता आईबी काढून घेऊ नोको तिची."

मी तेच पाह्यजे असल्यासारखं धरून बसली. त्यायनं सांगतलं म्हणून गप्प हाव, असं स्वतःले सांगत राहिली. चोराच्या मनात चांदणं! खरं कारण एकच, पिंकीचं तोंड.

पिंकीनं पाणी सोडलं. तलावाकडची वाटबी सोडली. धंतोलीत एका दवाखान्यात चिठ्ठ्या लिहायच्या कामाले लागली. देवरावभाऊ खिडकीत दिसले की रस्ता बदले. माह्या हातात डबा पाह्यला की चिडे, "त्या खुन्याले खाऊ घालतं? आपल्या घरचं?" अन् कधी झोपेत तिचे हात हलत. चादरीवरून हात फिरवे, पुढं, मागं. मी उशाशी बसून पाहत राहे.

परवा रोशन पुण्याहून आला अन् बापाले दवाखान्यातून घरी आणलं. काल सकाळी मयत होती. मी लुगडं बदललं, चप्पल घातली. पिंकी दारात आडवी उभी.

"कुठं?"

"देवरावभाऊकडे."

"त्याच्या मयतीले? मिनलच्या खुन्याच्या? आई, तुले काही वाटत नाई का वं? मी त्या दिवशी तिच्या नावानं ओरडून राहिली होती, अन् त्या माणसानं पात्याले हात लावून, खोटं सांगतलं की—"

"त्यानं नाई सांगतलं," मी म्हणलं. "मी सांगतलं."

अन् मी सगळं बोलली. बोटं, चार वर्षं, स्टूल, तेल, बादली. चप्पल आत ठेवली होती तेबी. दाराशी उभी राहूनच बोलली. बाहेर बांबू बांधायचा आवाज येऊन राहिला होता. संपल्यावर पिंकीनं विचारलं.

"हलवून पाह्यलं होतं तू?"

"नाई."

"हात तरी लावला होता?"

"नाई."

ती माह्या हाताकडे पाहत राहिली. मले वाटलं रडन, ओरडन, मारन. मारावं असंच वाटत होतं. तिनं खुंटीवरचा दुपट्टा घेतला, डोक्यावरून बांधला, चप्पल घातली.

"कुठं जातं बाई?"

"देवरावकाकाच्या मयतीले."

तीन वर्षांत पहिल्यांदा ती काका म्हणली. मीबी पुढं झाली.

"तू नोको येऊ," ती म्हणाली, अन् बाहेरून दार लोटलं.

मी उंबऱ्याच्या आत बसली. थोड्या वेळानं मयत आमच्याच दारावरून गेली. गल्लीतली माणसं आपापल्या दारात उभी होती, कोणी खाली उतरलं नाई. रोशन होता, दोन त्यायच्या गावाकडचे होते. खांद्याले एक माणूस कमी पडत होता. मी फटीतून पाह्यलं. चौथा खांदा पिंकीचा होता.